बाईंचं ‘नको’

आमच्या संस्थेचं ऑफिस पंचवटीत एका पिठाच्या गिरणीच्या वर आहे. खाली दळण सुरू झालं की वर माझ्या कपातल्या चहावर बारीक लाटा उठतात आणि कीबोर्डच्या फटींत पीठ जाऊन बसतं. त्यात मी टाइप करते फार जोरात. बोटं मनाच्या पुढे पळतात माझी. बाई आतल्या खोलीतून विचारायच्या, “अगं, हे खालचं दळण चाललंय की तुझं?”

बाई म्हणजे आमच्या अध्यक्ष. पेठ तालुक्याकडच्या आदिवासी पाड्यांवर बालवाड्या चालवायच्या, हे आमच्या संस्थेचं काम. ते त्यांनी सुरू केलं तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. त्याआधी त्या शाळेत शिकवायच्या म्हणून सगळे त्यांना बाईच म्हणतात. जीपचा ड्रायव्हर, बँकेचा मॅनेजर, विश्वस्त, सगळेच. सत्तरी कधीच ओलांडली, पण जीपमध्ये पुढे बसायला सांगितलं की म्हणायच्या, “पुढून काही दिसत नाही, मागून सगळ्यांशी बोलता येतं.”

माझं पद ‘प्रशिक्षण समन्वयक’. ऐकायला काय भारी वाटतं ना! प्रत्यक्षात बालवाडीच्या तायांची शिबिरं भरवायची. म्हणजे सतरंज्या टाकायच्या, एक्स्टेन्शन बोर्ड शोधायचा, कुणाचं बाळ रडायला लागलं तर त्याला उचलून बाहेर फिरवायचं, आणि उरलेल्या वेळात गाणी, गोष्टी, खेळ. मला हे इतकं आवडतं की घरी गेल्या गेल्या आईला सगळं सांगायला लागते आणि ती म्हणते, आधी हातपाय धू.

तर, आमची वार्षिक सभा. ती कशी होते ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

सभेच्या शेवटी बाई उठायच्या, पदर नीट करायच्या आणि म्हणायच्या, “आता मला या पदातून मोकळं करा.” टाळ्या पडायच्या. मग भाऊ उभे राहायचे. भाऊ आमचे खजिनदार, पिंपळगाव बसवंतचे द्राक्षाचे व्यापारी. आवाज असा की माइकच लागत नाही. “बाई, तुम्ही नाय तं संस्था कशाची? पुढं बी तुम्हीच. बोला, कोणाची हरकत हाय का?” कोणाची असणार? परत टाळ्या, बिनविरोध, शाल, श्रीफळ, फोटो. बाई हात जोडून खाली बसायच्या. मला वाटायचं, हीपण एक रीतच आहे. सुरुवातीला समई लावतात, शेवटी बाई मोकळं करा म्हणतात. त्या शालींचं पुढे काय होतं ते मात्र मला माहीत होतं. पेठकडच्या आमच्या बालवाड्यांत दुपारी पोरं झोपतात ना, ती सगळी जरीकाठाच्या शाली पांघरून झोपतात.

मग एका दुपारी लाइट गेली. गिरणी थांबली आणि ऑफिसात इतकं शांत झालं की मलाच माझं टाइप करणं ऐकवेना. बाई बाहेर येऊन माझ्यासमोर बसल्या. म्हणाल्या, “मला सायखेड्याला जायचंय. धाकट्या बहिणीकडे. राहायलाच.”

मी ताडकन म्हटलं, “काहीतरीच काय बाई! तुमच्याशिवाय आम्ही काय करणार?”

बाई हसल्या. “तू पण?” एवढंच म्हणाल्या. मग लाइट आली, खाली पट्टा फिरायला लागला आणि मी परत टाइप करायला लागले. पण ते ‘तू पण’ काही केल्या डोक्यातून जाईना.

त्याच उन्हाळ्यात आमच्या देणगीदारांनी कळवलं की स्टाफची प्रशिक्षणं छान होतात, आता विश्वस्तांचंही एक घ्या. मी तर उडालेच! विश्वस्तांचं प्रशिक्षण! ज्यांच्यासमोर मी चहाचा ट्रे धरून उभी राहते, त्यांना गोल करून बसवायचं, गटात चर्चा करायला लावायची! सचिव काकांना सांगितलं. ते रिटायर्ड तलाठी आहेत आणि कुठलाही कागद दोनदा वाचल्याशिवाय खाली ठेवत नाहीत. त्यांनी पत्र दोनदा वाचलं आणि चष्मा काढून विचारलं, “या वयात आम्हाला काय शिकवणार?” मग थोडं थांबून, “आणि जेवायचं काय?”

जेवायचं आणि जागेचं, दोन्ही भाऊंनी एका फोनमध्ये मिटवलं. “माझ्या पॅकहाउसला घ्या. माल संपलाय, मोकळंच पडेल हाय. जेवन माझ्याकडं.”

तर आमचं प्रशिक्षण झालं द्राक्षाच्या पॅकहाउसात. हायवेवरून ट्रक जात होते आणि आत मोठ्ठा पत्र्याचा हॉल, पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या थप्प्या, आणि पेटीत द्राक्षांवर ठेवतात त्या औषधी कागदांचा नाकात झिणझिणणारा वास. खुर्च्या कमी पडल्या म्हणून आम्ही प्लॅस्टिकचे क्रेट पालथे घालून त्यावर बसलो. बाईंसाठी भाऊंनी घरून सोफ्याची खुर्ची आणली होती. बाई म्हणाल्या, “नको, मी क्रेटवर बसते.” भाऊ म्हणाले, “असं कसं!” आणि बाई सोफ्यावर बसल्या.

प्रशिक्षक मॅडम पुण्याहून आल्या होत्या. छान होत्या अगदी, बोलायला मोकळ्या, कुणालाही कमी लेखत नव्हत्या. सकाळी विश्वस्तांनी काय करायचं आणि स्टाफने काय करायचं यावर बोलणं झालं. काकांनी दोन शंका विचारल्या, भाऊंनी मान हलवली. मग प्रोजेक्टरमधून भिंतीवर पुढची पाटी आली : ‘दुसरी फळी’.

मॅडम म्हणाल्या, “समजा, उद्या सकाळी तुमच्या अध्यक्ष नाहीत. पहिल्या दिवशी काय काय अडेल? गटात बोला.”

भाऊ उभेच राहिले. “ओ मॅडम, असं वंगाळ नका बोलू.”

“नाही नाही, नाहीत म्हणजे पदावर नाहीत.”

“बाई समोर बसल्यात,” काका खालच्या आवाजात म्हणाले. “शुभ बोल नाऱ्या म्हणतात आमच्यात.”

पेठच्या आमच्या पर्यवेक्षिका ताई, ज्या एरवी वाटेत साप आला तरी काठीने बाजूला करून पुढे जातात, त्यांनी डोळ्यांना पदर लावला. बाई सोफ्यावरून म्हणाल्या, “अहो, मी मेले नाहीये. इथंच आहे.” सगळे हसले. पण त्या हसण्यात तो विषय जो वाहून गेला तो गेलाच. भाऊंनी “बाईंना शंभर वर्षं आयुष्य लाभो” म्हणून टाळ्या वाजवल्या, आम्हीही वाजवल्या. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी जाऊन पुढची पाटी लावली. काय करणार?

जेवायला आमरस होता. भाऊंच्या घरचे मांडे, कुरडया, भजी, आणि रसाची स्टीलची बादली. भाऊ स्वतः वाढत होते. एका हातात बादली, दुसऱ्यात वगराळं, आणि चेहरा असा की घरात लग्न आहे. बाईंच्या वाटीपाशी आले. बाई म्हणाल्या, “नको.”

“घ्या हो, केसर हाय.”

“नको भाऊ, झालं माझं.”

“एवढंसं.”

बाईंनी वाटीवर हात ठेवला. आणि भाऊंनी, अगदी प्रेमाने, हसत हसत, हातावरून रस ओतला. बोटांच्या फटींतून तो वाटीत गेला. काका म्हणाले, “आता हात चाटा!” पंगत खदखदून हसली. बाईपण हसल्या. मीही हसले, कारण आमच्याकडे लग्नात असंच करतात. माझ्या मामाने माझ्या वडिलांच्या हातावर इतका रस ओतलाय की त्यांचं घड्याळ एकदा बंद पडलं होतं.

हात धुवायला नळावर गेले तर मॅडम माझ्या शेजारी. त्यांच्या वाटीतही आग्रहाने बराच रस गेला होता, त्यामुळे त्या जरा जड झाल्या होत्या. म्हणाल्या, “एक विचारू? तुमच्याकडे नको म्हणजे नको, हे कधी समजायचं?”

मी फाडकन सांगितलं, “पहिलं नको लाजेचं असतं, दुसरं रीतीचं. तिसरं म्हटलं तर खरं.” आणि लगेच म्हटलं, “पण वाढणारा चौथ्यांदा विचारतोच.”

“आणि ज्याला खरंच नको असेल त्याने?”

मी नळ तसाच सुरू ठेवून उभी राहिले. बाईंनी सभेत किती वेळा म्हटलं होतं? आणि आम्ही किती वेळा हातावरून ओतलं होतं? मला एकदम सगळं दिसलं, आणि मला काही दिसलं की ते पोटात राहत नाही. तिथेच, ओल्या हातांनी, मी मॅडमना सायखेड्याचं सांगून टाकलं. बाईंनी कुणाला सांगू नको असं म्हटलं नव्हतं, पण सांग असंही म्हटलं नव्हतं. मॅडम सगळं ऐकून म्हणाल्या, “ते मी बोलायचं नाही. तूही नाही. त्यांचं त्यांना बोलू दे. पण बोलायला जागा करता येईल.” मग पदराला हात पुसत विचारलं, “तुमच्या तायांच्या शिबिरात खेळ घेतेस ना तू? दुपारी एक घे.”

मी? विश्वस्तांचा? पण हो म्हणूनच टाकलं.

खेळ मी तिथेच रचला. जोड्या करायच्या. एकाने काहीतरी द्यायचं, दुसऱ्याने नको म्हणायचं. देणाऱ्याने आग्रह करायचा नाही, फक्त विचारायचं, “का?” आणि उत्तर पुरतं ऐकायचं. मध्ये बोलायचं नाही.

जेवणानंतर सगळे सुस्तावले होते, त्यामुळे कुणी फार विरोध केला नाही. काकांना मी माझ्या जोडीला घेतलं. मी म्हटलं, “काका, पान घ्या.” “नको.” “का?” काका विचारात पडले. म्हणाले, “दाढ दुखते. पण हे मला आजवर कोणी विचारलंच नाही. लोक पान देतात, मी घेतो आणि बाहेर जाऊन टाकतो.” पलीकडे पर्यवेक्षिका ताई आणि मॅडम यांचं चहावरून काहीतरी चाललं होतं आणि दोघी हसत होत्या. हॉलमध्ये छान गुणगुण सुरू झाली.

भाऊंची जोडी बाईंशी होती. ती मी लावली नव्हती, ते दोघं शेजारी बसले होते म्हणून आपोआप लागली. भाऊ म्हणाले, “काय देऊ बाई तुम्हाला? रस तं झाला.” आणि हसून, “अध्यक्षपद घ्या!”

“नको,” बाई म्हणाल्या.

भाऊंनी तोंड उघडलं. “असं क…” आणि माझ्याकडे बघितलं. मी बोट ओठांवर ठेवलं. खजिनदारांना! माझं मलाच नवल वाटलं. भाऊंनी ते तिथंच सोडलं आणि विचारलं, “का?”

गुणगुण हळूहळू थांबली, कारण सगळ्यांचे कान तिकडे गेले होते.

“माझी धाकटी बहीण आहे सायखेड्याला,” बाई म्हणाल्या. “एकटी असते. तिची नजर गेली काही वर्षं जात चालली आहे. मागच्या महिन्यात घरी पाहुणे आले. तिनं चहा केला, साखरेच्या जागी मीठ घातलं. पाहुण्यांनी सगळा चहा पिऊन टाकला. कुणी एक शब्द बोललं नाही. संध्याकाळी तिनं त्याच डब्यातलं घालून स्वतःसाठी केला तेव्हा कळलं. फोन करून मला म्हणाली, ताई, लोक वाईट वाटू नये म्हणून मीठ पितात, मग मला खरं कोण सांगणार?”

हायवेवर कुणीतरी हॉर्न वाजवत गेलं.

“तेव्हापासून मी रोज ठरवते, जायचं. आणि रोज ऑफिसला येते.”

भाऊ मांडीवर हात ठेवून बसले होते. एवढा मोठा माणूस, क्रेटवर जरा लहान दिसत होता. “तुम्ही हे कधी बोलल्या नाय.”

“तुम्ही शाल देत होता ना. शाल अंगावर असताना भांडता येत नाही.”

काका हसले, मग खोकले. भाऊ नाही हसले. “मंग आमचं काय?” आवाजात थोडा रागही होता. “पोरीबाळी हायेत, बालवाड्या हायेत. असं सोडून जाता व्हय?”

मी म्हणणार होते की नियमात फक्त ‘का’ बसतं, पण मॅडमनी माझा दंड धरला.

“सोडून कुठं? तुम्ही आहात की. तुम्हीच घ्या पद.”

“नको!” भाऊ असे ओरडले की बाहेर कुत्रं भुंकलं.

आणि बाईंनी अगदी शांतपणे, शाळेत विचारत असतील तसं, विचारलं, “का?”

भाऊ क्रेटवर जरा पुढे सरकले. म्हणाले, “म्या गेलो ना तिकडं पाड्यावर, तं बाया उठून उभ्या राहत्यात. डोक्यावर पदर घेऊन भिंतीला टेकत्यात. एक शब्द बोलत नाय. तुमच्यापाशी कशा मांडीला मांडी लावून बोलत्यात. म्या चेक लिहू शकतो बाई. ते मला जमणार नाय.”

“तुम्ही तिथं बसता कशावर?”

“खुर्ची देत्यात.”

“मग खुर्चीला नको म्हणा.”

कोपऱ्यातून पर्यवेक्षिका ताई बोलल्या. त्या विश्वस्तांसमोर सहसा बोलत नाहीत. “भाऊ, ती खुर्ची आम्ही शेजारच्या घरून मागून आणतो. तुम्ही येणार म्हटलं की एका पोराला आधी तिकडं पळवावं लागतं. नका बसू, आमचंपण काम वाचेल.”

आता मात्र सगळे हसले, भाऊसुद्धा. काही ठरलं नाही त्या दिवशी. मॅडमनी भिंतीवर परत ‘दुसरी फळी’ लावली नाही. लावायची गरज नव्हती. संध्याकाळी आम्ही निघालो तेव्हा भाऊ पॅकहाउसच्या दारात उभे होते. बाई जीपमध्ये मागे चढल्या. भाऊंनी पुढची सीट दाखवायला हात वर केला, मग तोच हात डोक्यावरून फिरवला.

पुढच्या महिन्यात भाऊ आमच्यासोबत पेठकडे आले. बालवाडीच्या दारात बायका उठून उभ्या राहिल्या, खुर्ची आली. भाऊंनी हात जोडून नको म्हटलं आणि सारवलेल्या जमिनीवर बसायला लागले. गुडघा असा वाजला की एक म्हातारी म्हणाली, “मोडला का रं?” आणि सगळ्या बायका खुसखुसायला लागल्या, मग हसायला लागल्या, मग बसल्या. फार काही बोलल्या नाहीत त्या. पण बसल्या. परतीच्या वाटेवर भाऊ म्हणाले, “उठताना तिघींनी धरलं मला. त्या म्हातारीनं इचारलं पाय कधीपास्नं दुखतो. औषध बी सांगितलं.”

मग वार्षिक सभा. बाई उठल्या, पदर नीट केला. “आता मला या पदातून मोकळं करा.” टाळ्या सुरू झाल्या, सवयीच्या. मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, “बाईच पाहिजेत!” शालीचं ताट माझ्या हातात होतं आणि मी सगळा वेळ भाऊंकडे बघत होते. ते उभे राहिले. माइक हातात घेतला. एरवी तो लागत नाही त्यांना.

“बाईंनी नको म्हटलंय,” भाऊ म्हणाले. “अन् का नको तेबी मला माहिती हाय. तं आता आग्रह नाय.”

सभागृहात कसंतरीच झालं. आग्रह नाही म्हणजे काय, अपमान झाला की काय बाईंचा, असं लोक एकमेकांकडे बघायला लागले. काकांनी दोनदा वाचलेला ठराव तिसऱ्यांदा वाचला : बाईंना मोकळं करावं, भाऊंनी अध्यक्षपद घ्यावं. तेव्हा बाईंनीच आधी हात वर केला. मग सगळ्यांचे वर गेले. भाऊ शाल घेऊन बाईंपाशी आले आणि थांबले. विचारलं, “ही घालू का?” बाई म्हणाल्या, “घाला. सायखेड्याला नदीवरून वारं येतं.”

भाऊंचे डोळे भरले होते. माझे तर वाहतच होते.

परवा मी सायखेड्याला गेले होते. नव्या बालवाडी तायांच्या शिबिरासाठी जुन्या गोष्टी हव्या होत्या, त्या बाईंनाच पाठ. ओट्यावर बसून त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या आणि मी लॅपटॉपवर टाइप करत गेले. त्यांची बहीण आतून म्हणाली, “ही पोरगी काय करतेय? पाऊस पडतोय वाटलं मला पत्र्यावर.”

चहा बाईंनी केला. स्वयंपाकघरात डब्यांना आता दोरे बांधले आहेत : साखरेला जाड, मिठाला गाठीचा. चहा इतका सुंदर झाला होता, आलं घातलेला, की मी दोन घोटांत संपवला. बाई पातेलं घेऊन आल्या.

“अजून?”

मी रीतीप्रमाणे म्हटलं, “नको.”

“बरं,” बाई म्हणाल्या आणि पातेलं घेऊन आत गेल्या.

मी रिकाम्या कपाकडे बघत बसले. आतून बहिणीचा आवाज आला, “अगं ताई, त्या पोरीला एकदा तरी परत विचार गं!”

“ती नको म्हणाली,” बाईंचा आवाज. मग थोडं थांबून, “तिला हवा असेल तर ती सांगेल.”

मी कप उचलला आणि आत गेले. “बाई,” म्हटलं, “हवाय.”